‘कशावरून?’ असं विचारणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने काय सांगावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वानवडीतल्या एका मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातला, हिंजवडीत नोकरी करणारा एक जण विचारतोय: जेवणाच्या सुट्टीत सहकारी हमखास चार गोष्टी काढतात. येशू खरंच होऊन गेला का? तो मेलेल्यांतून उठला हे कशावरून? बायबल तर किती वेळा बदललं! आणि येशू काश्मीरला आला होता ना? मंडळीत विचारलं तर ‘विश्वास ठेव, वाद घालू नकोस’ एवढंच उत्तर मिळतं. मग पुराव्याने बोलायची तयारी करायची कशी?

आधी ‘वाद घालू नकोस’ याबद्दल. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार राहा आणि ते सौम्यपणे, आदराने द्या, असं एका दमात सांगितलंय. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा पौल अथेन्सच्या बाजारात रोज भेटेल त्याच्याशी वाद करत होता (प्रेषितांची कृत्ये १७). पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर तिथल्या भगिनींना पत्रांमागून पत्रं लिहून त्यांनी भंडावून सोडलं. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारल्याने श्रद्धा जाते ही भीती निराधार आहे. मात्र पोकळ उत्तरं ऐकून ती जाते, हे खरं.

म्हणून तयारीची सुरुवात काही गोष्टी टाकून देण्यापासून करा. नासाच्या संगणकाला यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला, तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं आहेत, अरारात पर्वतावर नोहाचं तारू दिसलं, डार्विनने मरताना आपला सिद्धांत मागे घेतला. मोबाइलवर फिरणारं यातलं काहीही टिकत नाही. डार्विन वारला १८८२ मध्ये. ही कथा छापून आली १९१५ मध्ये, आणि त्याच्या मुलीने १९२२ मध्ये ती साफ खोटी ठरवली. अभ्यासकांचीही गाडी घसरते. २०१२ मध्ये एका जाहीर वादविवादात सांगण्यात आलं, की मार्ककृत शुभवर्तमानाचा (येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा) पहिल्या शतकातला तुकडा हाती आलाय. सहा वर्षं व्याख्यानांतून ते घुमत राहिलं. २०१८ मध्ये तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला, तेव्हा तज्ज्ञांनी त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याचा आरंभ असा ठरवला. मार्कच्या सगळ्यात जुन्या तुकड्यांपैकी तो आहेच. पण ज्यांनी ‘पहिलं शतक’ असं छातीठोक सांगितलं होतं, त्यांच्या बाकीच्या शब्दांचीही किंमत गेली.

एक वही करा, त्यात तीन रकाने: दावा, मूळ आधार (कोणी, कधी, कुठे लिहिलं), आणि तो आधार किती वजन पेलतो. तिसऱ्या रकान्यात ‘पक्का’, ‘बहुतेक अभ्यासकांना मान्य’, ‘वादग्रस्त’, ‘परंपरा’ यांपैकी एकच शब्द लिहायचा. पुरावा जेवढा, दावा तेवढाच. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेच्या समर्थनाचं सगळं शास्त्र या रकान्यात आहे, आणि बहुतेकांची वही तिथेच कोरी असते.

दुसरी सवय मोडायची ती ‘बायबल खरं, कारण बायबलच तसं म्हणतं’ ही. आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला आत्माश्रय दोष म्हणतात, आणि पुण्यात तो पकडणारा पहिल्याच टेबलावर भेटेल. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत न्याय शिकलेले शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले ते मिशनऱ्यांशी कडाक्याचा वाद घालूनच. ती परंपरा आपली आहे, ती वापरावी. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची, म्हणजे भरवशाच्या साक्षीदाराची, खूण दिलीय: गोष्ट स्वतः जाणलेला आणि ती जशी आहे तशीच सांगण्याची इच्छा असलेला. नवा करार हातात घेताना सुरुवातीला एवढेच दोन प्रश्न विचारा. लिहिणाऱ्याला कळायची सोय होती का? आणि जसंच्या तसं सांगण्याची इच्छा दिसते का? ‘देवाचं वचन’ हा निष्कर्ष झाला तर शेवटी होईल. तो आधी गृहीत धरून समोरच्यावर लादू नका.

आता मुख्य गोष्ट, पुनरुत्थान. इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला. पौलाने स्वतः लिहिलंय, की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ. सुरुवात शुभवर्तमानांपासून नको, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायापासून करा. कारण काळाची साखळी इथे हातात धरता येते.

साखळीची पहिली कडी ग्रीसमध्ये डेल्फीला सापडलेला शिलालेख. सम्राट क्लौद्याच्या त्या पत्रात गल्लियो या सुभेदाराचं नाव आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२च्या सुमाराची ठरते. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये याच गल्लियोपुढे पौलाला करिंथात उभं केलंय, आणि तिथे तो दीड वर्ष राहिल्याचं लिहिलंय. म्हणजे पौल करिंथात पन्नासच्या आसपास होता. पुढे ५३ ते ५५च्या दरम्यान इफिसाहून तो करिंथकरांना पत्र लिहितो आणि आठवण देतो: मला जे मिळालं तेच मी तुमच्या स्वाधीन केलं होतं. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला. ‘मिळालं’ आणि ‘स्वाधीन केलं’ ही शिकलेला पाठ पुढे देण्याची भाषा आहे. वाक्यांची ठेवणही पाठांतराची आहे.

त्याला हे मिळालं कुणाकडून? गलतीकरांस पत्र १:१८-२० उघडा. ख्रिस्ती झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाजवळ पंधरा दिवस राहिला, प्रभूचा भाऊ याकोब त्याला भेटला, आणि ‘देवासमक्ष सांगतो, खोटं बोलत नाही’ असं तो पुढे लिहितो. यादीतली दोन नावं हीच. वधस्तंभावरचा मृत्यू ३० किंवा ३३ सालचा धरला, तर ही भेट साधारण ३४ ते ३८च्या दरम्यान पडते. पाठ नेमका त्याच भेटीत मिळाला हे अनुमान आहे, पौलाने तसं लिहिलेलं नाही. बोलताना तेवढंच म्हणा. पण पेत्र आणि याकोब यांना तो समोरासमोर ओळखत होता, त्यांचं म्हणणं काय आहे हे त्याला ठाऊक होतं, यासाठी अनुमान लागत नाही.

यावरून सिद्ध काय होतं? ‘शे-दोनशे वर्षांत दंतकथा वाढत गेली’ हे म्हणणं टिकत नाही. येशू उठला ही घोषणा पहिल्या पिढीची, ओळखीच्या माणसांची आहे. तो खरोखर उठला हे मात्र एवढ्याने सिद्ध होत नाही. अनेक ख्रिस्ती वक्ते या दोन वाक्यांमधलं अंतर एका उडीत पार करतात आणि ऐकणारा तिथेच सुटतो.

पाचशे साक्षीदारांचंही तसंच. आपल्याकडे पाचशे साक्षी नाहीत. पाचशे जणांना दर्शन झालं असं सांगणारी एक साक्ष आहे. ‘त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत’ असं पौल जोडतो, याला वजन आहे, कारण तो तपासायला मोकळीक देतोय. पण दुसऱ्या कुठल्याही लिखाणात ही घटना स्पष्टपणे येत नाही, हे स्वतःहून सांगा.

रिकाम्या कबरेचा पुरावा थोडा वेगळ्या वजनाचा आहे. पौलाच्या यादीत ‘पुरला गेला’ आहे, ‘कबर रिकामी होती’ हे शब्द नाहीत. चारही शुभवर्तमानांत कबर आधी स्त्रियांना रिकामी दिसते. स्त्रियांची साक्ष धरू नये, असं यहुदी इतिहासकार योसेफस नियमशास्त्राचा अर्थ सांगताना लिहितो. रचलेल्या कथेत असे साक्षीदार कोण घालील, हा आपला मुद्दा. त्यावर उत्तर येईल, की प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला स्त्रियाच जात, म्हणून कथेत त्या आल्या. मुद्दा त्याने पडत नाही, सैल होतो. वहीत ‘बहुतेकांना मान्य’च्या खालच्या बाजूला ठेवा.

‘बाराही शिष्य हुतात्मे झाले, खोट्यासाठी कोण मरेल?’ हे वाक्य कृपा करून असंच वापरू नका. जब्दीचा मुलगा याकोब मारला गेल्याचं प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये आहे. प्रभूचा भाऊ याकोब ६२ मध्ये दगडमार करून मारला गेला, हे योसेफसने लिहिलंय. पेत्र आणि पौलाबद्दल पहिल्या शतकाच्या अखेरीपासूनची परंपरा भक्कम आहे. थोमाची कथा तिसऱ्या शतकातल्या लिखाणात येते. उरलेल्या बऱ्याच जणांच्या मरणाच्या कहाण्या उशिराच्या आणि परस्परविरोधी आहेत. शिवाय मरायला तयार होणं म्हणजे प्रामाणिकपणाचा पुरावा. सत्याचा नव्हे. तेवढाच दावा केला तरी पुरे, कारण त्याने शिष्यांनी प्रेत चोरून थाप मारली ही शक्यता जवळजवळ संपते.

मग उरतो तो गंभीर प्रतिपक्ष, भासाचा. त्याचं सगळ्यात भक्कम रूप असं: जवळचं माणूस गेल्यावर ते दिसल्याचे, बोलल्याचे अनुभव अगदी सर्वसाधारण आहेत. पेत्राला दुःखात आणि अपराधीपणात तसं दर्शन झालं, बाकीच्यांत ते पसरलं. हे मांडून मगच अडचणी सांगा. पौल शोक करत नव्हता, ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. याकोबासह येशूचे भाऊ आधी विश्वास ठेवत नव्हते (योहान ७:५). आणि मृत माणूस दिसला तर त्या काळचा यहुदी ‘त्याचा आत्मा दिसला’, ‘तो देवाजवळ आहे’ असं म्हणाला असता. शरीराने उठणं ही त्यांच्या लेखी युगाच्या शेवटी सगळ्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती, मध्येच एकट्यादुकट्याच्या नव्हे. भासाने दर्शन समजावता येतं, या निष्कर्षाला कसं पोचले ते समजावता येत नाही. देव असण्याची शक्यता ज्याला शून्य वाटते, त्याला एवढंही अपुरंच वाटणार, आणि त्याच्या बाजूने ते तर्काला धरून आहे. अशा माणसाशी आधी देवाच्या अस्तित्वावर बोला, कबरेवर नंतर.

येशू झालाच नाही असं म्हणणारा भेटला तर फार वेळ देऊ नका. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ११६च्या सुमारास, ६४ सालच्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना, ‘ख्रिस्तस’ला सम्राट तिबिर्याच्या काळात पंतय पिलात या रोमन सुभेदाराने देहदंड दिल्याचं नोंदवलंय, तेही ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्काराने. धाकटा प्लिनी हा रोमन सुभेदार ११२च्या आसपास सम्राट ट्राजानला कळवतो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. योसेफसचे दोन उल्लेख आहेत आणि इथे सावध राहायचं. त्याच्या यहुद्यांच्या इतिहासाच्या १८व्या भागातल्या उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलनवीसांचा हात लागलाय, हे जवळजवळ सगळेच मानतात. तो पूर्ण उद्धृत करून ‘पाहा, यहुदी माणूसही त्याला ख्रिस्त म्हणतो’ असं सांगितलंत तर फसलात. २०व्या भागातला ‘ख्रिस्त म्हणवल्या गेलेल्या येशूचा भाऊ याकोब’ हा छोटा उल्लेख वापरा. पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरियात १९६१ मध्ये निघाला, त्यावरून पिलात होता एवढंच कळतं. पुरातत्त्वाचा उपयोग बहुधा एवढाच असतो, आणि तो पुरेसा आहे.

‘बायबल किती वेळा बदललं’ याचं उत्तर पुण्यात सोपं जायला हवं, कारण पाठचिकित्सा, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ शोधणं, कशी करतात हे या शहराने करून दाखवलंय. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची पद्धत बसवली, १९६६ मध्ये ते पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्या, आणि पानोपानी तळाशी पाठभेद. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा संपादकांनी मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातली, कारण पोथ्यांचा आधार तसा होता. त्यामुळे महाभारत हरवलं नाही. जुना पाठ जास्त स्पष्ट झाला.

नव्या कराराचं काम याच जातीचं आहे. जर्मनीत म्युन्स्टरला ग्रीक हस्तलिखितांची यादी ठेवली जाते. ती पाच हजारांहून अधिक आहेत, पण बहुतेक नवव्या शतकानंतरची. ‘चोवीस हजार’ हा आकडा लॅटिन, सिरियाक वगैरे भाषांतरं धरून सांगितला जातो, तेव्हा तो ग्रीक पोथ्यांचा म्हणून सांगू नका. पाठभेद चार-पाच लाख, आणि मूळ ग्रीक शब्द सुमारे १ लाख ३८ हजार. ‘शब्दांपेक्षा चुका जास्त!’ असं सहकारी म्हणेल. यावर काही ख्रिस्ती पुस्तकांत उत्तर दिलंय, की एकच चूक दोन हजार पोथ्यांत आली तर ती दोन हजार वेळा मोजतात. हे चुकीचं आहे. वेगळा पाठ एकदाच मोजला जातो. खरं कारण साधं आहे: नकला करणारे हात हजारो, म्हणून वेगवेगळे पाठही पुष्कळ. बहुतेक एखाद्याच पोथीत सापडणारे, शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे, अर्थाला धक्का न लावणारे.

धक्का लावणारे मोजके आहेत, ते तुम्हाला तोंडपाठ हवेत. मार्क १६:९-२० सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या पोथ्यांत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा (योहान ७:५३ ते ८:११) सगळ्यात जुन्या पोथ्यांत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात ५:७ला जोडलेलं पिता, शब्द आणि पवित्र आत्म्याबद्दलचं वाक्य इरॅस्मस या अभ्यासकाने १५१६ आणि १५१९च्या ग्रीक आवृत्त्यांत छापलं नव्हतं, १५२२ मध्ये घातलं. त्रैक्याच्या चर्चेत ते वाक्य काढू नका. मार्क १६:१८ मधलं, विश्वासणाऱ्यांना साप आणि विष बाधणार नाही हे वचन तर मुळीच नको.

मँचेस्टरला योहानाच्या १८व्या अध्यायाचा एक पपायरसचा तुकडा आहे, साधारण ९ सेंमी उंच आणि ६ सेंमी रुंद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. तो दुसऱ्या शतकातला म्हणा, ‘इ.स. १२५चा’ असं नेमकं साल सांगू नका. अक्षराच्या वळणावरून काळ ठरतो तेव्हा पन्नास-पाऊणशे वर्षांची फट राहतेच. आणि पोथ्या जास्त म्हणून धर्म खरा, असं महाभारताशी किंवा आणखी कशाशी तुलना करून सुचवू नका. पोथ्यांवरून ग्रंथ जपला गेला एवढं कळतं, तो खरा आहे का हा वेगळा प्रश्न.

निकिया परिषदेने मतदानाने बायबलची पुस्तकं ठरवली हेही ऐकू येईल. ३२५ सालची ती परिषद आरियस या धर्मगुरूच्या वादग्रस्त शिकवणीवर भरली होती, पुस्तकांची यादी तिने केली नाही. नेमक्या २७ पुस्तकांची पहिली उपलब्ध यादी ३६७ मध्ये बिशप अथनासियसच्या पत्रात आहे, आणि चार शुभवर्तमानं त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी रुळलेली होती.

काश्मीरच्या दोन वेगळ्या कथा आहेत आणि त्या एकमेकींना खोडतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये लिहिलं, की लडाखच्या हेमिस मठातल्या पोथीनुसार येशू तरुणपणी भारतात शिकला आणि मग परत जाऊन वधस्तंभावर मेला. दुसरी कथा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांची, १८९९च्या सुमाराची: येशू वधस्तंभावर मेलाच नाही, नंतर भारतात आला, आणि श्रीनगरच्या खानयारमधल्या रोजाबलला त्याची कबर आहे. हेमिसला १८९५ मध्ये आग्र्याचे एक प्राध्यापक, डग्लस, जाऊन आले. मठाच्या प्रमुखांनी त्यांना अशी पोथी नसल्याचं सांगितलं. स्वामी अभेदानंदांनी १९२२च्या भेटीनंतर वेगळं लिहिलं हेही सांगा, पण पोथी कुणा अभ्यासकाच्या हाती आजवर आलेली नाही. शुभवर्तमानांतला पुरावा उलटा आहे: नासरेथचे लोक ‘हा सुतारच ना?’ म्हणून चकित होतात (मार्क ६:३). गावातलाच मुलगा एवढं शिकला कुठे, हे त्यांचं आश्चर्य. पंधरा वर्षं परदेशी राहून आलेल्याबद्दल कुणी असं बोलत नाही. वधस्तंभावरून जिवंत उतरल्याचा एक खरा दाखला योसेफस देतो. त्याच्या विनंतीवरून तिघांना खाली उतरवून वैद्यांच्या हाती दिलं, त्यांतले दोघे दगावले. एक वाचला, तोही वेळेवर उतरवून उपचार केल्यावर. येशूबद्दल अशा उपचारांचा उल्लेख कुठेही नाही.

देवाच्या अस्तित्वाच्या युक्तिवादांवर थोडक्यात सांगतो. कार्याला कर्ता हवा, हा युक्तिवाद न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास मांडला आणि बौद्धांनी अशा युक्तिवादावर घेतलेले आक्षेप अजूनही वाचण्याजोगे आहेत. तेव्हा हा ‘पाश्चात्त्य’ युक्तिवाद नाही. त्याने फार तर जगाच्या कारणापर्यंत पोचता येतं, ख्रिस्तापर्यंत नाही. आणि तो महास्फोटाला बांधू नका. त्या सिद्धांताचा एक जनक जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, तरी १९५१ मध्ये पोप पायस बाराव्यांनी विज्ञानातून निर्मितीला दुजोरा मिळाल्याचा सूर लावला तेव्हा तोच नाराज झाला. पुण्यात तर जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, आणि महास्फोटाला पर्याय त्यांनी आयुष्यभर मांडला. विश्व अनादी निघालं तरी ‘ते आहेच का’ हा प्रश्न उरतो. बोलणं तिथून करा.

दुःखाच्या प्रश्नावर कुठे बोलताय ते आधी पाहा. ससून रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसाला युक्तिवाद नको असतो. डबा, रक्त, सोबत हवी असते. चर्चेच्या टेबलावर मात्र टाळू नका. दुःख आणि चांगला देव यांत तार्किक विसंगती आहे हे दाखवता येत नाही, पण एवढं दुःख असणं हा देवाविरुद्धचा खरा पुरावा आहे, आणि तो मान्य करूनच बोलावं. कर्मसिद्धांताची टिंगल करू नका, तो एक सुसंगत उत्तर देतो. येशूचं उत्तर वेगळं आहे एवढं दाखवा: जन्मांध माणसाबद्दल ‘पाप कोणाचं?’ असं विचारल्यावर तो ‘याचंही नाही, आईबापांचंही नाही’ म्हणतो (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा पापी होते असं समजू नका, असंही सांगतो (लूक १३). दुःखाचं संपूर्ण कारण ख्रिस्ती श्रद्धा देत नाही. देव स्वतः त्या दुःखात उतरला एवढं ती सांगते.

गोव्याच्या इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) विषय निघाला तर ‘हो, घडलं, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडून’ असं सरळ सांगा. ‘त्यांनीही केलं’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. तो आपल्या इतिहासातला अपराध आहे.

महाराष्ट्रात सगळ्यात अवघड प्रश्न चंगाई सभांचा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांचा, आणि तो विचारणारा बहुधा विवेकवादी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला माणूस असतो. त्याला शत्रू मानू नका, तो योग्य तेच विचारतोय. बरं झाल्याचा दावा सांगायचाच असेल तर आजाराचं निदान करणारे कागद, बरं झाल्यानंतरचे त्याच तपासणीचे कागद, दरम्यान कोणते उपचार चालू होते त्याची नोंद, आणि निदान वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी, एवढं हातात असल्याशिवाय तोंड उघडू नये. डोकेदुखी, पाठदुखी, रक्तदाब, आपोआप चढ-उतार होणारे आजार यात धरू नयेत. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानाला १८५८ पासून हजारो दावे आले, चर्चने मान्य केले ते जेमतेम सत्तरएक. ‘औषधं बंद करा, विश्वास ठेवा’ असं म्हणणाऱ्याला मंडळीतच थांबवा. राज्याचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने फसवणुकीला आणि साप-कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखण्याला गुन्हा मानतो.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल न्यायसूत्रांतली विभागणी लक्षात ठेवा. वाद सत्य कळावं म्हणून असतो, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडतोड चालते. पहिल्या दोन मिनिटांत यातलं काय चाललंय ते ओळखा. वितंडा असेल तर चहा घ्या आणि विषय बदला. वाद असेल तर आधी विचारा, ‘तुमचं नेमकं म्हणणं काय, आणि ते कशावरून?’ त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा. तो ‘हो, हेच’ म्हणाला की मगच उत्तर द्या. एका बैठकीत एकच प्रश्न. उत्तर तीन मिनिटांपेक्षा लांबलं तर ते प्रवचन होतं. ठाऊक नसेल तर ‘पाहून सांगतो’ म्हणा आणि आठवड्यात खरंच सांगा. संविधानाच्या कलम २५ने धर्म मानण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या स्टॅनिस्लॉस निकालाप्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. म्हणून ऑफिसात विचारल्यावर उत्तर द्यावं, हाताखालच्या माणसापुढे विषय आपणहून काढू नये, आणि मदत व धर्म यांची सांगड कधीही घालू नये.

सराव तरुण संघातच करा. पाच-सहा जण, चाळीस मिनिटं. एकाने सहकाऱ्याची बाजू घ्यायची, तीही लुटुपुटूची नाही, जितकी भक्कम मांडता येईल तितकी. दुसऱ्याने उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी वहीत फक्त कुठे पुराव्यापेक्षा दावा मोठा झाला ते टिपायचं. संदर्भांसाठी बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी ग्रंथालयं आहेत, बाहेरच्या वाचकाला बसू देतात का ते आधी विचारून जा. पहिल्या बैठकीला फक्त १ करिंथ १५:१-११ आणि गलती १:११-२४ घ्या, आणि भासाची बाजू मांडणाऱ्याला तयारीसाठी आठ दिवस आधी सांगून ठेवा.